हीटरचा दिवा

सोलापुरात थंडी पडते
हे पुण्याच्या माणसाला पटत नाही.
पटू नये. पण पहाटे पाचला विडी घरकुलात येऊन
माझ्या गाडीच्या दाराला हात लावून बघावा.

गाडी डिझेलची, सतरा वर्षांची,
तिसऱ्या मालकाची, म्हणजे माझी.
उन्हाळ्यात तापते, पावसात गळते,
थंडीत हट्टाला पेटते,
तेवढीच काय ती पेटते.

फराळाचे डबे रिकामे झाले की
अशोक चौकात रजाक मिस्त्री बॉनेट उघडतो.
बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलेलं असतं
भावकीतल्या जुन्या भांडणासारखं.
किटलीतलं कढत पाणी तो आधी तिला पाजतो,
मग आम्हा दोघांचा चहा.
टोकांना व्हॅसलीन लावतो, बोटावर उरलेलं
स्वतःच्या टाचांच्या भेगांत भरतो.
"हवा आठवड्याला बघत जा. थंडीत टायर आखडतंय.
रेडिएटरात नळाचं पाणी नको."
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, चाचा,
ते गाडीला कोण घालतंय?
"आणि चावी फिरवून लगेच सेल मारू नको.
हीटरचा पिवळा दिवा विझेस्तोवर थांब.
थांब की बे, कुठं पळलालास!"

रात्री बॉनेटवर चादर टाकतो.
गिरणी बंद पडली तेव्हा थकलेल्या पगारापोटी
आप्पांना सहा चादरी मिळाल्या, त्यांतली ही.
त्यांनीच विणलेली. कडेच्या मोराला पाय तीन.
जॅकार्डच्या पत्त्यात एक भोक चुकलं होतं,
नाहीतर आप्पांचं लक्ष.
मांडीवरचं विड्यांचं सूप न हलवता
अनसूया म्हणते,
"माणसांना पुरंना, अन् लोखंडाला पांघरूण."

मंगळवार, गुरुवार, शनिवार
कोरे मास्तरांना डायलिसिसला न्यायचं.
पावणेसहा म्हणजे पावणेसहा,
उशीर झाला की त्या खाटेवर दुसरा कुणी.
बॉनेटवर दोनदा थाप मारतो.
आत इंजिनाला बिलगून मांजर असतं,
ते जांभई देऊन उतरतं, मग मी चढतो.

गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हाची गोष्ट.
पहाटे बघतो तर गाडी उघडी. काचेवर दव.
समोरच्या भिंतीशी एक मुटकुळं,
त्याच्यावर तीन पायांचा मोर.
पाळणेवाल्यांपैकी कुणी असेल.
चादरीबाहेर टाचा, मिस्त्रीच्या टाचांपेक्षा फुटलेल्या.

शिवी तोंडात ठेवून आधी चावी फिरवली.
दिवा लागला. विझला. सेल मारला.
गाडी खोकली आणि गप्प बसली.
पुन्हा. या वेळी दिवाच मलूल.
पाच चाळीस.

मुटकुळं उठलं.
काही न विचारता, चादर तशीच अंगाला लपेटून
गाडीच्या मागं गेलं.
मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला.
आरशात माणूस दिसेना, फक्त मोर,
वाकलेला, जोर लावणारा,
मग धूर, मग काहीच नाही.

मी थांबलो नाही.
थांबलो असतो तर गाडी बंद पडली असती.
हे खरं आहे.
हात बाहेर काढून हलवता आला असता,
हेही.

मास्तर बसले. कानटोपी, मफलर, फाइल.
सात रस्त्याशी म्हणाले,
"आज ती चादर आणली नाहीस?
रक्त बाहेर फिरून परत येतं ना,
येताना थंडी घेऊन येतं."
मला ठाऊक नव्हतं.
मी गाडीत सोडून जायचो,
ते काढून वर न्यायचे आणि चार तासांनी
घडी घालून आणून ठेवायचे.
मी स्वेटर काढून दिला.

दुपारी भिंतीशी कुणी नव्हतं.
गड्डा उठला, पाळणे सुटे होऊन ट्रकमधून गेले.
अनसूयेनं न बोलता पेटीतून दोन चादरी काढल्या,
एक गाडीला, एक मास्तरांना.
मोरांना पाय दोनच, अगदी बरोबर.

मिस्त्री म्हणतो बॅटरी बदल.
मी म्हणतो, फेब्रुवारी येऊ दे,
आपल्याकडं थंडी अशी असते किती.